परसातलं तळं: नितळ पाणी आणि निरोगी पाणी

पहाटे सहाच्या सुमारास तळ्यातले झाडून सगळे मासे वर आलेले असतात. पृष्ठभागाला तोंडं लावून ती भराभर उघडमीट करत असतात. घरातलं कुणीतरी ते पाहतं, ‘भुकेलेत बिचारे’ म्हणतं आणि मूठभर खाद्य टाकतं. परसात तळं बाळगणाऱ्या घरांना सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. त्या वेळी मासे अन्न मागत नसतात, त्यांना श्वास पुरत नसतो. पाण्यातला प्राणवायू इतका खाली गेलेला असतो, की हवेला टेकलेला अगदी वरचा पातळ थरच काय तो त्यांच्या उपयोगाचा उरतो. अशा वेळी टाकलेलं खाद्य पचवायला माशांना आणखी प्राणवायू लागतो. जे खाल्लं जात नाही ते तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजतानाही प्राणवायूच संपवतं.

पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा मावतो. हवेशी समतोलात असलेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. बहुतेक मासे ५ मिलिग्रॅमच्या वर सुखात असतात आणि ३ च्या खाली कासावीस होतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हाच्या जोरावर प्राणवायू तयार करतात. सूर्य मावळला की तो कारखाना बंद होतो, पण श्वास घेणं कुणाचंच थांबत नाही: माशांचं नाही, वनस्पतींचं नाही, गाळातल्या जीवाणूंचंही नाही. रात्रभर शिल्लक घटत जाते आणि सूर्योदयाच्या थोडं आधी ती सर्वांत कमी असते. तळं कसं आहे हे दुपारी चारला बघून कळत नाही, ते पहाटे कळतं.

यातूनच दुसरी एक सवय उलटी ठरते. कारंजं संध्याकाळी पाहुण्यांसमोर लावायचं आणि झोपताना वीज वाचवायला बंद करायचं, असा बऱ्याच बंगल्यांचा आणि सोसायट्यांचा शिरस्ता असतो. खरी गरज मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतची. एकच वेळ निवडायची असेल तर कारंजं रात्री चालावं. बुडबुड्यांबद्दलही एक समजूत आहे, की बुडबुड्यातली हवाच पाण्यात विरघळते. थोडी विरघळते, पण मुख्य काम होतं ते पाणी ढवळून वर आणल्यामुळे, पृष्ठभाग सतत बदलत राहिल्यामुळे. म्हणून हातभर उंचीवरून पडणारी साधी धारही उपयोगी पडते. पावसाळ्यात आभाळ चार दिवस भरलेलं राहिलं, की दिवसाचं उत्पादनही घटतं. त्या दिवसांत वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप हाताशी असलेला बरा.

ठाण्यातल्या बाळकुमसारख्या ठिकाणी हे सगळं समजून घ्यायला खास कारण आहे. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. पूर्वी इथे साठ तलाव होते असं सांगितलं जातं, आज पस्तीसच्या आसपास उरलेत. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, सिद्धेश्वर ही नावं ठाणेकरांच्या बोलण्यात रोजची. माजिवडा आणि कशेळीची खाडी यांच्या मधे वसलेल्या बाळकुमच्या एका अंगाला जुनं गावठाण आहे आणि दुसऱ्या अंगाला कोलशेत-ढोकाळीपर्यंत वाढत गेलेले टॉवर. टॉवरच्या जाहिरातीत ‘वॉटर बॉडी’ असते, गावठाणातल्या घराच्या मागे हौद किंवा कमळाचं कुंड असतं. मोठ्या तलावाची काळजी महापालिका घेते, चांगली किंवा वाईट. हजार-पाच हजार लिटरच्या तळ्याची काळजी घरच्यांवरच असते, आणि लहान तळं मोठ्यापेक्षा फार लवकर बिघडतं. त्यात चूक पोटात घालायला पाणीच पुरेसं नसतं.

आता हिरव्या पाण्याबद्दल. पाणी हिरवं झालं म्हणजे ते घाण झालं आणि नितळ आहे म्हणजे ते उत्तम, हा समज इतका घट्ट आहे की तळ्यावरचा बहुतेक खर्च त्यापायीच होतो. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा असतो. हलका हिरवा रंग असलेलं, हात कोपरापर्यंत बुडवला तर तळवा दिसतो असं पाणी माशांसाठी अगदी चांगलं असू शकतं. शेवाळ अमोनिया शोषून घेतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांना अन्न मिळतं. वाटाण्याच्या सुपासारखं दाट पाणी मात्र धोक्याचं, कारण तिथे दिवस-रात्रीच्या प्राणवायूतला चढ-उतार जीवघेणा होतो. उलट काचेसारख्या पारदर्शक पाण्यात अमोनिया भरलेला असू शकतो. त्याला ना रंग असतो, ना तेवढ्या मात्रेत वास.

हा अमोनिया येतो कुठून? माशांच्या अन्नातून. थोडा हिशेब मांडला तर गोष्ट स्पष्ट होते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल तळ्यात सव्वाचार हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यात रोज १०० ग्रॅम खाद्य पडतं असं धरू. खाद्यात ३५ टक्के प्रथिनं असतील तर त्यात साडेपाच ग्रॅमच्या वर नायट्रोजन असतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक माशांच्या कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. म्हणजे साधारण तीन ग्रॅम. सव्वाचार हजार लिटरमध्ये तो लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम होतो, आणि तोही एका दिवसाचा.

हा सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असेल तर ३० अंश तापमानात त्याचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की सात-आठ टक्के. ९ झाला की जवळजवळ निम्मा. आणि दाट हिरव्या तळ्यात भर दुपारी सामू ९ पर्यंत सहज चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. विषारी अमोनियाची लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमएवढी मात्राही कल्ल्यांना इजा करू लागते. सकाळी बरे असलेले मासे दुपारी अचानक सुस्त का होतात, याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं. खाद्य दोन-चार मिनिटांत संपेल इतकंच द्यावं, हा नियम या हिशेबातून आलेला आहे. मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीवर, माशांना कुरमुरे आणि पाव टाकण्याची हौस घरच्या तळ्यावर आणू नये, हेही त्यातच आलं.

निसर्गात हा अमोनिया साठून राहत नाही. नायट्रोसोमोनास गटातले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा गटातले त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी, आणि कमळाच्या किंवा कर्दळीच्या मुळांना ते हवंच असतं. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते दगडांवर, भिंतींवर, फिल्टरच्या स्पंजात बुळबुळीत थर करून राहतात. नव्या तळ्यात त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तळं बांधून झालं, पाणी भरलं आणि त्याच रविवारी वीस कोई मासे सोडले, असं केलं की पंधरा दिवसांत मासे मरू लागतात आणि दोष दुकानदाराला मिळतो.

इथेच सर्वांत लाडक्या गैरसमजाची गाठ पडते. ‘महिन्यातून एकदा तळं पूर्ण उपसून, घासूनपुसून लख्ख करायचं.’ हे वाचायला चांगलं वाटतं, करायला कष्टाचं आहे आणि तळ्यासाठी घातक आहे. घासून काढलेला तो बुळबुळीत थर म्हणजेच तळ्याची सफाई करणारी फौज. ती गेली की तळं पुन्हा पहिल्या दिवसावर येतं. त्यात भर नळाच्या पाण्याची. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. माणसासाठी ते संरक्षण आहे. माशाच्या कल्ल्यांना त्याच्या पाव हिश्श्याचाही त्रास होतो, आणि उरलेसुरले जीवाणूही त्यात मरतात.

त्याऐवजी आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलावं, तेही तळाजवळून उपसून, म्हणजे गाळ बाहेर जातो. उपसलेलं पाणी झाडांना घालावं. नवं पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचं ‘हायपो’, मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतं. नळाच्या नेहमीच्या क्लोरीनला हजार लिटरमागे चार-पाच ग्रॅम पुरतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता तळ्याच्याच उपसलेल्या पाण्यात पिळावा. नवं तळं सुरू करताना एखाद्या जुन्या, निरोगी तळ्यातला स्पंजाचा तुकडा मिळाला तर तो विरजणासारखा काम करतो.

उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे पातळी उतरते तेव्हा वरून पाणी घातलं जातं आणि ‘पाणी तर बदलतोय’ असं वाटतं. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. मिठाचंही तसंच. खडे मीठ काही दुखण्यांवर खरंच उपयोगी आहे. नायट्राइट वाढलं असताना लिटरमागे एक ग्रॅम मीठ माशांच्या रक्तात नायट्राइट शिरू देत नाही. पण ते उडून जात नाही. दर महिन्याला ‘सवय म्हणून’ मूठ-मूठ टाकत गेलं तर कुंडातली कमळं आधी बोलतात.

रसायनांबद्दल थोडक्यात. तुरटी गढूळपणा खाली बसवते हे खरं, पण ती पाण्याची आम्लता सावरण्याची ताकद खर्च करते, आणि पावसाळ्यात मऊ झालेल्या पाण्यात सामू एकदम कोसळू शकतो. मोरचूद शेवाळ मारतं. मात्र मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं, एका रात्रीत प्राणवायू संपवतं आणि मोरचुदातलं तांबं गोगलगायी नि कोळंबीला मारतं. शेवाळ मारलं म्हणून शेवाळाचं अन्न कमी होत नाही, ते पुन्हा पाण्यातच विरघळतं. अतिनील दिव्याची गतही वेगळी नाही. पाणी नितळ होतं, पण दिव्यामागे चांगला फिल्टर नसेल तर कचरा आतच राहतो.

‘बोअरचं पाणी नैसर्गिक, म्हणून उत्तम’ असंही म्हटलं जातं. खोलवरच्या पाण्यात प्राणवायू बहुधा नसतो, कार्बन डायऑक्साइड आणि लोह जास्त असू शकतं, आणि खाडीकाठच्या जमिनीत क्षारांचा प्रश्न वेगळाच. असं पाणी थेट तळ्यात न सोडता आधी पिंपात हवा देऊन, सामू तपासून वापरावं. सिमेंटच्या नव्या टाक्यातही पहिले काही आठवडे चुना उतरत राहतो आणि सामू १० च्याही वर जातो. दोन-तीनदा भरून, मुरवून, रिकामं केल्याशिवाय आणि सामू साडेआठच्या खाली स्थिर झाल्याशिवाय त्यात जीव सोडू नये.

श्रद्धेशी जोडलेला गैरसमज बोलून दाखवायला अवघड, पण बोलायलाच हवा. फुलं, दूध, भात, पिठाचे गोळे हे सगळं ‘नैसर्गिक’ आहे, त्यानं पाण्याला काय होणार? मुंबईत वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव याचं उत्तर देतो. सर्वपित्री अमावास्येला तिथे मोठ्या प्रमाणावर पिंड आणि अन्न विसर्जित होतं आणि त्यानंतरच्या दिवसांत मेलेल्या माशांचा खच तरंगताना अनेक वर्षं दिसलेला आहे. विषारी असं त्यात काहीच नव्हतं. ते सगळं कुजलं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला. दूध तर याबाबतीत फार कडक, पेलाभर दूधही लहान कुंडाला जड जातं. ठाण्यानं या प्रश्नावर केलेलं काम आदरानं सांगण्यासारखं आहे. गणेशमूर्तींसाठी कृत्रिम तलाव उभारण्यात हे शहर महाराष्ट्रात पुढे राहिलं, आणि समर्थ भारत व्यासपीठासारखी संस्था महापालिकेबरोबर निर्माल्य गोळा करून त्याचं खत करते. घरच्या तळ्यालाही हाच न्याय लावता येतो: पूजेचं तबक काठावरच्या कुंडीत रितं करावं.

वनस्पतींबाबतचा समज अर्धा खरा आहे. ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, म्हणून टाकायची.’ ती नायट्रोजन आणि फॉस्फरस भराभर शोषते, यात शंका नाही. पण शोषलेलं तिच्या अंगातच राहतं. ती उपसून बाहेर काढली तरच कचरा तळ्याबाहेर गेला. तिथेच मेली तर सगळं परत पाण्यात. अनुकूल हवेत तिची संख्या दोन आठवड्यांत दुप्पट होते. कल्याणजवळ मोहने परिसरात उल्हास नदीचं पात्र तिनं कसं झाकून टाकलं आहे, ते पाहिलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही. पृष्ठभागाचा निम्मा भाग पानांनी झाकलेला असावा, निम्मा उघडा. कमळ, कुमुदिनी, काठाला कर्दळ किंवा वेखंड लावलं की सावली मिळते, शेवाळाचं अन्न कमी होतं आणि हवेला वाटही राहते. पिवळी पानं मात्र पडायच्या आत कापावी लागतात.

डासांची भीती सर्वांत न्याय्य आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती शुद्ध, साठलेल्या, थोड्याशा पाण्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण त्यासाठी तळं बुजवायची गरज नसते. मासे असलेलं, पृष्ठभाग हलता असलेलं तळं त्याला सोयीचं नाही. त्याला आवडते कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर, आणि ‘नको ते झंझट’ म्हणून रिकामं करून ठेवलेल्या तळ्यात उरलेलं चार बोटं पावसाचं पाणी. निम्मं रिकामं तळं भरलेल्यापेक्षा वाईट. गाळात लाल, बारीक अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या बहुधा न चावणाऱ्या काइरोनोमिड माश्यांच्या असतात आणि माशांचं आवडतं खाणं आहेत.

डासांवर ‘गप्पी सोडा, काम संपलं’ हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याच्या जोडीला वापरला जाणारा गम्बुशिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. दोघेही डासअळ्या खातात, हे खरं. पण गम्बुशिया बेडकांची आणि इतर माशांची अंडी-पिल्लंही खातो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कोकणातल्या ओढ्यांत डोक्यावर चकाकणारा ठिपका मिरवणारा पॅनचॅक्स राहतो. तो इथलाच आहे, पृष्ठभागालगत पोहतो आणि डासअळ्या वेचून खातो. चतुराच्या अळ्याही तेच करतात. मासे ठेवायचेच नसतील तर बीटीआय जीवाणूची भुकटी आहे. हा जीवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला, तो डासांच्या अळ्या मारतो आणि माशांना, बेडकांना इजा करत नाही.

‘तळ साफ करणारा मासा’ ही दुकानदारांची जुनी शिफारस. सकर नावानं विकला जाणारा हा दक्षिण अमेरिकेचा चिवट मासा बोटभर असताना काच चाटतो, म्हणून तो सफाई कामगार ठरला. तो फूटभराहून मोठा होतो आणि जितकं शेवाळ खातो त्याहून कितीतरी अधिक विष्ठा करतो. घाण एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, तळ्याबाहेर जात नाही. मग मोठा झालेला सकर ‘मुक्त करू’ म्हणून जवळच्या तलावात नेऊन सोडला जातो, आणि तिथल्या देशी माशांच्या वाट्याला नवा प्रतिस्पर्धी येतो.

मोजमापाशिवाय यातलं बरंच काही अंदाजावर राहतं. अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजणारे थेंबांचे साधे संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. सामू पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजावा. फरक एकाहून जास्त आला तर शेवाळ आणि खाद्य दोन्ही वाढलेलं आहे असं समजावं. जीवाणूंची वस्ती नीट बसलेल्या तळ्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ असायला हवं. तसं नसेल तर औषध शोधण्याआधी दोन दिवस खाद्य बंद ठेवावं. निरोगी मोठे मासे आठवडाभरही उपाशी तगतात.

जूनच्या आत करायचं एक काम बाळकुमकरांसाठी वेगळं आहे. मुसळधार पावसात परसातलं तळं ओसंडतं, ते पाणी गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून थेट खाडीला जातं. त्याबरोबर गप्पी जातात, जलपर्णीचे तुकडे जातात, सकरची पिल्लं जातात. भरतीच्या वेळी नाले तुंबले तर उलट बाहेरचं मैलापाणी आत शिरण्याचाही धोका असतो. म्हणून तळ्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच तरी उंच घ्यावा, गच्चीच्या पन्हाळीचं पाणी आणि खत घातलेल्या वाफ्यांचं पाणी त्याच्यापासून वळवून न्यावं, आणि सांडव्याच्या पाइपला मच्छरदाणीइतकी बारीक जाळी दुहेरी बांधावी. पावसाचे चार महिने ती जाळी दर दोन दिवसांनी हातानं साफ करावी लागते, नाहीतर पानं अडकून पाणी दुसरीकडूनच वाट काढतं.